अमेरिकेचा इतिहास महेश्वरपासून सुरू करा

इंदूरच्या पलासियात सातवी-आठवीच्या मुलांना अमेरिका शिकवताना मी फळ्यावर आधी महेश्वरहून राज्य करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचा काळ लिहिते: १७६७ ते १७९५. त्याखाली १७७६, अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. मुलं लगेच सरसावून बसतात. १७७३ साली बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा आपल्याच ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीचा! १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंदे आणि तुकोजी होळकरांनी कंपनीच्या फौजेला कोंडलं, तेव्हा तिकडे वॉशिंग्टनही इंग्रजांशीच लढत होते. आणि १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउन इथे शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला; त्याची कबर गाझीपूरला आहे. नुसत्या सनावळ्यांपेक्षा हे कितीतरी पक्कं लक्षात राहतं. शिक्षकांनो, दोन्ही देशांची कालरेषा एकाच फळ्यावर काढून बघाच.