शिरेतून पोषण : कधी सुरू करावे?

भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली, ९ वर्षांच्या एका मुलीवर झाले. आज छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय असल्याने मराठवाड्यातील पालकांनाही या उपचाराची, आणि त्यातील आहाराच्या प्रश्नाची, नेमकी माहिती असणे अगत्याचे आहे.

प्रत्यारोपणापूर्वीच्या तीव्र औषधांनी मुलाची जुनी मज्जा नष्ट होते, पण त्याचबरोबर तोंडापासून आतड्यापर्यंतचे नाजूक अस्तरही सोलवटते. नव्या मूळपेशी रुजून पांढऱ्या पेशी वाढेपर्यंत साधारण २ ते ४ आठवडे जातात आणि त्या काळात अनेकदा पाण्याचा घोटसुद्धा गिळवत नाही. अशा वेळी छातीजवळच्या मोठ्या शिरेतील नळीतून ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्धांश, क्षार व जीवनसत्त्वे थेट रक्तात सोडता येतात. मात्र त्यामुळे जंतुसंसर्ग, रक्तातील साखरेची वाढ आणि यकृतावरील ताण यांचा धोका वाढतो, शिवाय वापराविना आतड्याचे अस्तर क्षीण होते.

म्हणून आतडे चालत असेल तर नाकातून जठरात घातलेल्या नळीने आहार देणे श्रेयस्कर ठरते. अतिदक्षता विभागातील १,४४० मुलांवरील, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिरेतून पोषण एक आठवडा लांबवल्यावर संसर्ग कमी आढळला. परंतु प्रत्यारोपण झालेल्या मुलांची उपासमार अधिक काळ चालत असल्याने तो निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. मुलाचे वजन, उलट्या, जुलाब आणि पोटात प्रत्यक्ष गेलेला आहार रोज पाहूनच निर्णय घ्यावा लागतो. त्यामुळे मुलाने अर्धी वाटी वरणाचे पाणी घेतले तरी पालकांनी त्याची नोंद ठेवणे, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.