व्यसनमुक्तीची वाट

संस्कृतात ‘व्यसन’ या शब्दाचा एक अर्थ संकट असा आहे. मराठीत तो शब्द वाईट सवयीपुरताच उरला, आणि संकटात सापडलेल्या माणसाविषयी वाटावी ती कणवही त्याबरोबर ओसरली. दारुड्याला पाहून लोक हसतात, नाही तर तोंड फिरवितात. ‘मनात असते, तर सोडली नसती का?’ हा प्रश्न घरोघर ऐकू येतो. परंतु तो वाटतो तितका सरळ नाही.

सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे दोन जिल्हे. येथील खेड्यांत व्यसनाची पहिली ओळख होते ती बहुधा तंबाखूने. म्हाताऱ्यांच्या कंबरेला चंची असते, तीत चुन्याची डबी असते. स्त्रिया तंबाखू तव्यावर भाजून तिची मिश्री करतात आणि दात घासण्याच्या निमित्ताने लावतात. मिश्रीला कोणी व्यसन म्हणत नाही. पण एखाद्या सकाळी ती मिळाली नाही की डोके दुखू लागते, चिडचिड होते, हात कामाला लागत नाहीत. दारू पिणाऱ्या मुलाला रागे भरणारी आजी स्वतःही त्याच दोरीने बांधलेली असते. दोर थोडा बारीक, इतकेच.

हा दोर मेंदूत वळला जातो. भुकेल्याला अन्न मिळाले किंवा कोणी पाठ थोपटली, की मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते आणि ती गोष्ट पुन्हा करावीशी वाटते. मादक पदार्थ हे काम कष्टावाचून आणि कितीतरी अधिक प्रमाणात करून घेतात. मग मेंदू स्वतःला त्याप्रमाणे जुळवून घेतो. पूर्वीच्या मात्रेने भागत नाही, ती वाढवावी लागते. पुढे पुढे तर माणूस सुखासाठी पीत नाही. न प्यायल्याने होणारा त्रास टळावा म्हणून पितो. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते; काहींना झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. म्हणून अशा माणसाला खोलीत कोंडून दारू सोडविणे हा उपाय नव्हे. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. पिणारा प्रत्येक जण असा अडकतो असेही नाही. आनुवंशिकता, दुःख, संगत यांचा त्यात वाटा असतो. आणि सुरुवात जितक्या कोवळ्या वयात, तितका धोका अधिक. अमेरिकेतील डॉक्टरांच्या प्रमुख संघटनेने १९५६ साली मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर बुद्धिमान वकील आहे. एका प्याल्याने त्याचे अधःपतन सुरू होते. मध्यंतरी तो दारू सोडण्याचा निश्चय करतो. परंतु समाजात त्याला पुन्हा जागा मिळत नाही, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. गडकऱ्यांनी पडण्याची वाट अचूक रेखाटली. परतीची वाट त्या काळी फारशी कोणाला ठाऊकच नव्हती.

ती वाट पुढे १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी दोन मद्यासक्तांनी शोधली. एक न्यूयॉर्कचा दलाल, दुसरा गावातलाच शस्त्रवैद्य. धंद्यात अपयश आलेल्या दलालाला पिण्याची अनावर इच्छा झाली. ती आवरण्यासाठी तो आपल्यासारखाच दुसरा माणूस शोधीत गेला आणि त्याच्याशी बोलत बसला. या भेटीनंतरही डॉक्टरांचा एकदा तोल गेला. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा प्याला घेतला; ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ हा दिवस आपला स्थापनादिन मानते. समदुःखी माणसांनी एकत्र बसून आपली कथा सांगणे, हाच या संघाचा मुख्य उपचार. आपल्याकडे माळ घातलेल्या वारकऱ्याला मद्य वर्ज्य असते. माळेने अनेकांची दारू सुटली, त्यात श्रद्धेचा भाग आहेच; परंतु गुत्त्याकडे पाय वळण्याच्या वेळी त्या माणसाला भजनात बसायला जागा मिळते, हेही काही थोडे नाही.

महाराष्ट्रात पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ साली सुरू झाले, डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांच्या त्या कामाला पु. ल. देशपांडे यांचे साहाय्य लाभले. साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही संस्था डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभी केली. त्यांचा जन्म साताऱ्याचा, शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. २०१३ साली पुण्यात त्यांची हत्या झाली. अंधश्रद्धेविरुद्ध झगडणाऱ्या माणसाने व्यसनमुक्तीचे काम हाती घ्यावे, हे स्वाभाविकच होते. कारण पुष्कळ कुटुंबे आधी देवऋषी गाठतात, किंवा रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळायची पुडी आणतात. पुडीत काय आहे, हे देणारा सांगत नाही. त्यातील एखादे औषध दारूबरोबर पोटात गेले, तर जिवावर बेतू शकते. शिवाय ज्याला न सांगताच उपचार केला, त्याचा निश्चय कोठून यावा?

शरीरातील विष उतरण्यास बहुधा आठवडा-दोन आठवडे पुरतात. मनाची घडी बसण्यास महिने, कधी वर्षे लागतात. जुना मित्र, पगाराचा दिवस, लग्नाची वरात, एवढ्यानेही ओढ पुन्हा जागी होते. काही जण घसरतात. मधुमेहाच्या रोग्याची साखर पुन्हा वाढली, म्हणून डॉक्टर त्याला घालवून देत नाहीत. येथेही पुन्हा उपचार सुरू करावयाचे असतात. घरच्यांनाही काही नवे शिकावे लागते. त्याची उधारी परस्पर फेडणे आणि कामावर तो आजारी असल्याचे खोटे कळविणे हे बंद करावयाचे. मात्र तो सावरू लागला, की जमाखर्चाची वही आणि घराची किल्ली हळूहळू पुन्हा त्याच्या हाती द्यावयाची.