टाकी किती लिटरची नव्हे, किती लांबीची? : आफ्रिकन सिक्लिड पाळण्याआधी

माझा सगळा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. त्यामुळे हा माणूस आज माशांवर काय बोलणार, असं काहींना वाटत असेल. वाटणं रास्त आहे. पण निवृत्तीनंतर मी मासे पाळायला लागलो आणि पहिल्याच वर्षी माझ्या अडाणीपणामुळे सात मासे मेले. तुमच्याकडून तसं होऊ नये म्हणून आज त्या अडाणीपणाबद्दल बोलायचं आहे.

सिक्लिड हे माशांचं एक मोठं कूळ. उजनीची चिलापी आपल्या ओळखीची आहे, तीही मूळची आफ्रिकेची आणि सिक्लिडच. पण हौशी लोक ज्यांना ‘आफ्रिकन सिक्लिड’ म्हणतात, ते मुख्यतः पूर्व आफ्रिकेतल्या मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या सरोवरांतले. त्यात मलावीचे म्बुना फार लोकप्रिय आहेत. खडकाळ किनाऱ्याला राहणारे, निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. पूर्ण वाढले की साधारण १० ते १२ सेंटिमीटर.

मी दोन फुटांची टाकी घेतली आणि दीड-दीड इंचाची आठ पिल्लं आणली. दुकानदार म्हणाला, “काका, मासा टाकीच्या मापानं वाढतो, काळजी करू नका.” सहा महिने छान गेले. मग त्यातला एक निळा नर मोठा झाला आणि सगळी टाकी त्यानं आपली केली. बाकीचे वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे, फाटक्या परांनी लपून राहू लागले. मी पाणी तपासलं, औषध घातलं, खाणं बदललं. दर दोन-तीन आठवड्यांनी एक मासा मेलेला सापडायचा. शेवटी तो एकटाच उरला.

हे का झालं? मलावी सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून जास्त लांब आणि सुमारे ७०० मीटर खोल आहे. पण म्बुना काही सगळ्या सरोवरभर हिंडत नाही. तो आपल्या खडकांना धरून राहतो. मग त्याला मोठी जागा कशाला हवी? तर हरणाऱ्यासाठी! तिथेही नर एकमेकांच्या अंगावर धावून जातात. पण हरलेला पळतो, दुसऱ्या खडकाआड जातो आणि भांडण तिथेच संपतं. माझ्या टाकीत हरलेला पळाला की दोन फुटांवर काच. जिंकणाऱ्याला तो अजून समोर दिसतो, म्हणजे त्याच्या लेखी भांडण संपलेलंच नाही. तो मासा काही दुष्ट नव्हता. पळायची वाट मी बंद केली होती.

म्हणून टाकी निवडताना पहिला प्रश्न ‘किती लिटर?’ हा नाही. हिशेब करून बघा. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे ९ घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी, म्हणून ही टाकी सुमारे २५५ लिटरची. आता दुसरी घ्या: २ फूट लांब, दीड फूट रुंद, ३ फूट उंच. तीही ९ घनफूट, तेवढेच लिटर. पण पहिलीचा तळ ६ चौरस फूट आणि दुसरीचा फक्त ३. म्बुनाची हद्द तळाशी, दगडांत असते. दिसायला ती उंच टाकी रुबाबदार असते, बरं का. माशाला मात्र जागा निम्मी.

आपल्या वैशेषिकांनी परिमाणाचे चार प्रकार सांगितले आहेत: अणु, महत्, दीर्घ आणि ह्रस्व. महत् म्हणजे मोठं आणि दीर्घ म्हणजे लांब, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मोजल्या. मोठ्या वस्तूंमधली लांब तेवढी आण, असं आपण व्यवहारात म्हणतोच की. वर्गात मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. दुकानात उभा राहिल्यावर मात्र विसरलो.

आता मापं सांगतो. टांगानिकातला मल्टीफॅसिएटस हा शंखात राहणारा मासा. त्याचा नर जेमतेम ४-५ सेंटिमीटरचा. त्याची छोटी वसाहत दोन फुटांच्या टाकीत सुखानं नांदते. म्बुनांसाठी चार फूट लांबी धरा, रुंदी दीड फूट. टांगानिकातलाच फ्रंटोसा ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो. त्याला ६ फूट लांब आणि २ फूट रुंद टाकी लागते. म्हणजे ‘आफ्रिकन सिक्लिडची टाकी’ असं एकच माप नाही. आधी मासा ठरवा, त्याची पूर्ण वाढ आणि स्वभाव विचारा, मग टाकी घ्या. टाकी आधीच घरात असेल तर तिला सोसेल तो मासा आणा.

‘मासा टाकीच्या मापानं वाढतो’ हे साफ चूक. वाढ खुंटते ती कोंडमाऱ्यानं आणि खराब पाण्यानं. ते आजारपण आहे, जुळवून घेणं नव्हे.

मग लिटरला काहीच अर्थ नाही का? आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. या माशांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. पाणी जास्त असेल तर चूक सावरायला थोडा वेळ मिळतो. पण फिल्टर मुरलेला हवा आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलायला हवं. ते कुठल्याही टाकीत चुकत नाही.

एका श्रोत्यांनी मघाशी विचारलं, मासे कमी ठेवले तर भांडणं कमी होतील ना? म्बुनांच्या बाबतीत उलटं घडतं. दोन-तीनच असले तर सगळा मार एकावर पडतो. चार फुटांत १२ ते १५ मासे, एका नरामागे तीन-चार माद्या, रंगानं वेगवेगळ्या दोन-तीन जाती आणि दगडांची भरपूर रास ठेवली, तर राग वाटला जातो. छोट्या टाकीत मात्र ही युक्ती करू नका. तिथे पाणीच साथ देत नाही.

आणि घराचाही विचार करा. ही चार फुटांची टाकी पाणी, काच, रेती, दगड धरून साडेतीनशे किलोच्या घरात जाते. पाच धडधाकट माणसं एका कोपऱ्यात कायमची उभी आहेत असं समजा. भक्कम, सपाट स्टँड घ्या, टाकी भिंतीलगत ठेवा. इमारत जुनी असेल तर आधी इंजिनिअरला विचारा.

तो उरलेला निळा मासा मी एका ओळखीच्यांच्या मोठ्या टाकीत सोडला. तिथे त्याच्याहून दांडगे होते. पहिल्याच दिवशी त्यानं मार खाल्ला, पळाला, दगडाआड गेला आणि तासाभरानं बाहेर येऊन खायला लागला. माझ्याकडच्या सातांना एवढंच हवं होतं.

तेव्हा दुकानात जाण्याआधी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरा, टाकीच्या मापाची. समोर बसा आणि विचारा: यात हरणारा कुठे जाईल? उत्तर सापडलं तरच टाकी घ्या.