चौदा फुटी होडी आणि एक एक्सेल शीट

अमेरिकेत गेलेला मराठी माणूस आधी गाडी घेतो, मग घर, मग बॅकयार्डमध्ये बार्बेक्यूची शेगडी. होडी काही या लिस्टमध्ये नसते. पण बेंटनव्हिलला पोस्टिंग झालं असेल, तर मामला जरा वेगळा! आर्कान्सा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं हे गाव म्हणजे वॉलमार्टचं मुख्यालय. साहजिकच आपली आयटीवाली मंडळी तिथे बऱ्यापैकी. आणि जवळच बीव्हर लेक, म्हणजे व्हाइट नदीवर १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचा जलाशय. पाण्यात बास आणि क्रॅपी, आणि शनिवारी सकाळी अर्धं ऑफिस तिथेच.

पुण्याच्या माझ्या एका मित्राने तिथे सेकंडहँड जॉन बोट घेतली. जॉन बोट म्हणजे सपाट बुडाची, पुढून चौकोनी नाकाची होडी. या होड्यांचं माहेर हाच परिसर. मिसुरी-आर्कान्साच्या ओझार्क डोंगरांतल्या उथळ नद्यांतून गळ टाकत वाहत जायला तिथले लोक लाकडी फळ्यांच्या लांबलचक सपाट होड्या बांधायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात ॲल्युमिनियम घुसलं. हेलकॅट लढाऊ विमानं बनवणारी ग्रमन कंपनी युद्ध संपताच त्याच पत्र्याच्या कनू बनवू लागली होती. विमानाचा फंडाच होडीला लागला : पातळ पत्रा, भरपूर रिव्हेट, कमी वजन.

मित्राची बोट '१४३६' आहे. हा मॉडेल नंबर नाही, चक्क माप आहे. लांबी १४ फूट, बुडाची रुंदी ३६ इंच. रिकामी बोट दोघं जण सहज उचलतात. आत तीन आडव्या बैठका, बस्स. म्हणून तर ती घेतल्या घेतल्या प्रत्येकाला 'सजवायची' असते. पुढे उभं राहायला डेक, फिरत्या खुर्च्या, फिश फाइंडर, मासे जिवंत ठेवायची टाकी, ट्रोलिंग मोटर. स्वस्तात बास बोटीचा थाट!

ट्रोलिंग मोटर हा यातला सगळ्यात सही प्रकार. बॅटरीवर चालणारी छोटी, आवाज न करणारी मोटर, मासे न बिचकवता इंच-इंच सरकणारी. १९३४ च्या सुमारास नॉर्थ डकोटातल्या फार्गोच्या ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मॉडेल-एच्या स्टार्टर मोटरपासून ती बनवली आणि मिन कोटा कंपनी उभी राहिली. नावात मिनेसोटा आणि डकोटा दोन्ही आले. पण ती पिते बरं का! ५५ पौंड थ्रस्टची मोटर फुल स्पीडला ५० अँपिअरच्या आसपास खेचते. १०० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर दोन तास पुरते. शिसे-ॲसिडची असेल तर अर्ध्याखाली उतरवायची नाही, म्हणजे एकच तास.

आता सुतारकाम. यात बरेच जण एक गोष्ट विसरतात. डेकसाठी हार्डवेअरच्या दुकानातून 'वाळवी-प्रूफ' प्रेशर-ट्रीटेड प्लायवूड आणायचं नाही. त्यात तांब्याचे क्षार असतात आणि ओलं तांबं ॲल्युमिनियमला खातं. तळाशी पाण्यात पडलेलं तांब्याचं नाणंसुद्धा हळूहळू पत्रा पोखरू शकतं. साधं बाहेरच्या वापराचं प्लायवूड घ्या, चारी कडांना इपॉक्सी लावा, ॲल्युमिनियमच्या ॲंगलवर बसवा. रिव्हेटही ॲल्युमिनियमचेच. वायरिंगलाही तोच न्याय. कारमध्ये बॉडी अर्थिंग म्हणून वापरतात, इथे ते अजिबात नको. प्लस-मायनस दोन्ही वायरी वेगळ्या, कल्हई केलेल्या तांब्याच्या, आणि फ्यूज बॅटरीला चिकटून. गळका रिव्हेट शोधायची युक्ती मला भारी आवडली : बोट ट्रेलरवर असतानाच आत थोडं पाणी ओतायचं आणि खाली वाकून कुठे ठिबकतंय ते बघायचं. आपण सायकलची ट्यूब पाण्यात बुडवतो, त्याच्या उलट. फक्त काठोकाठ भरू नका, पाण्याच्या वजनानेच पत्रा वाकेल.

खरी गडबड झाली ती या थाटामुळे. अमेरिकेत २० फुटांखालच्या अशा मोटरबोटीवर एक प्लेट ठोकलेली असते. किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर. मित्राच्या प्लेटवर माणसं, मोटर, सामान मिळून ५९० पौंड. प्लेट महिनाभर कुणी वाचलीच नव्हती! ती वाचली बायकोने, आणि चार वर्षांच्या मुलीला बोटीत न्यायचं की नाही, हा प्रश्न टेबलावर आला. आयटीवालाच तो, एक्सेल शीट उघडली. तिघांचं वजन ३३५ पौंड. पेट्रोलची मोटर ८५, तिची टाकी २५, ट्रोलिंग मोटर २५, बॅटरी ६०. कूलर, नांगर, गळांचं सामान ६०. आणि स्वप्नातला डेक, फ्रेम-कार्पेटसकट, ९०. बेरीज ६८०. म्हणजे ९० पौंड जास्त, आणि तेही उंचावर. सपाट बुडाची होडी शांत पाण्यात टेबलासारखी स्थिर वाटते, पण उंच डेकवर उभा माणूस म्हणजे वर चढलेला गुरुत्वमध्य. शेजारून स्पीडबोटची लाट आली की संपलं.

शिवाय त्याला मधली बैठक कापून जागा मोकळी करायची होती. ती बैठक नुसती बसायला नसते. तिच्या पोटात फोम असतो. बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहते ती त्याच्या जिवावर. आणि दोन्ही बाजूंचे पत्रे एकमेकांना धरून ठेवते तीच.

वाद दोन वीकएण्ड चालला. बैठक वाचली. डेकचं रूपांतर नाकाशी एका छोट्या फळीत झालं, ९० चे ३०. शिशाची बॅटरी जाऊन लिथियम आयर्न फॉस्फेटची आली, २५ पौंड. महागडी, पण खोलवर वापरली तरी चालते. नवी बेरीज ५८५. उभं राहून गळ टाकण्याचं स्वप्न कॅन्सल.

बाकीचे नियम त्याने गुपचूप पाळले. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी बोटीत लाइफ जॅकेट घालायलाच हवं. मोठ्यांनी फक्त सोबत ठेवलं तरी कायद्याला चालतं, पण सीटखाली घडी करून ठेवलेलं जॅकेट बुडणाऱ्याच्या काय कामाचं? तिथल्या कोस्ट गार्डच्या २०२२ च्या आकडेवारीत बोटिंगमध्ये ६३६ जण गेले. मृत्यूचं कारण कळलेल्यांपैकी तीन चतुर्थांश बुडाले, आणि बुडालेल्यांपैकी ८५ टक्क्यांनी जॅकेट घातलं नव्हतं. इंजिनची किल-स्विच दोरी मनगटाला अडकवणं १ एप्रिल २०२१ पासून तिथल्या संघराज्याच्या जलमार्गांवर बंधनकारक आहे. माणूस पडला की दोरी सुटते, मोटर बंद. नाहीतर रिकामी बोट गोल फिरून पडलेल्याच्याच अंगावर येते.

आता तिघं जातात. मोकळ्या पाण्यात नाही, फक्त किनाऱ्याच्या खाचांमध्ये, आणि वारा सुटला की परत. मुलीला अजून मासा लागलेला नाही, पण एरेटरच्या टाकीतल्या जिवंत आमिषांना तिने नावं ठेवून झाली आहेत. एक्सेल शीट फ्रिजवर चिकटवलेली आहे. पाच पौंड शिल्लक. तिच्या वजनाची ओळ दर सहा महिन्यांनी बदलावी लागते, आणि पुढच्या वेळी कूलर जाणार की पेट्रोलची मोटर, यावर घरात पुन्हा मीटिंग लागली आहे.