यंत्राचे कान पिळताना

कोल्हापुरात गाणे ऐकणारा मनुष्य स्वराच्या बाबतीत सहसा तडजोड करीत नाही. ज्या संस्थानात शाहू छत्रपतींच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेब दरबारगायक म्हणून राहिले आणि देवल क्लबाच्या बैठकींनी श्रोत्यांच्या पिढ्यांचे कान तयार केले, तेथील रसिकाने घरासाठी उंची ध्वनियंत्र घेताना त्याच्या आवाजाची कसून पारख करावी, हे स्वाभाविकच आहे. नवल एवढेच की, त्या यंत्राशी हाताचा जो नित्याचा व्यवहार घडावयाचा, त्याची चौकशी लाखो रुपये मोजणारे गिऱ्हाईकही क्वचितच करते.

या दृष्टीने जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पाहण्याजोगा आहे. टपाल खात्याचा परवाना काढून घरात आणलेल्या त्या पेटीच्या दर्शनी काचेवर मुंबई, दिल्ली, कोलंबो अशी नावे छापलेली असत. काटा दोरी व कप्पी यांच्या योगाने सरके. आणि चांगल्या प्रतीच्या रेडिओत खुंटीच्या आसावर जड चक्र बसविलेले असल्यामुळे, एका झटक्यासरशी तो काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डौलाने जाई, तरी बोटाच्या हलक्या स्पर्शाने १९६३ साली सुरू झालेल्या सांगली केंद्रावर नेमका स्थिरावे. केंद्र अचूक लागल्याची ग्वाही 'मॅजिक आय'च्या हिरव्या प्रकाशातील काळी फट मिटून मिळे.

आवाजाच्या खुंटीतही असेच शहाणपण दडलेले असते. आवाज दुप्पट झाल्याचा भास व्हावा म्हणून सुमारे १० पट विद्युत्शक्ती खर्ची पडते. तेव्हा खुंटीच्या आतला रोध सरळ प्रमाणात वाढविला, तर पहिल्या थोड्या वळणातच सारा गलका होऊन उरलेला फेरा निरर्थक ठरेल. म्हणून तो रोध आरंभी सावकाश व पुढे झपाट्याने वाढेल, अशी योजना करतात, आणि हाताला मात्र प्रत्येक वळणाचा परिणाम सारखाच वाटतो.

अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत त्या खुंटीच्या जागी आदि-अंत नसलेली, कितीही फिरविता येणारी चकती आली आहे. ती कोठे उभी आहे यावरून आवाज किती आहे याचा बोध होत नाही. त्यासाठी पडद्यावरील अंक वाचावा लागतो, आणि सोफ्यावरून तो दिसला नाही तर अंदाजपंचे कारभार चालतो. यावर काही जाणत्या कारखानदारांनी सुरेख तोड काढली आहे: रिमोटवरून हुकूम सुटताच यंत्रातील चिमुकली मोटर खुद्द खुंटीलाच फिरविते, त्यामुळे हुकूम दुरून आला तरी खुंटीची साक्ष खोटी पडत नाही. हजारो ध्वनिमुद्रणांच्या संग्रहातून केसरबाईंची एखादी भैरवी हुडकण्यास पडदा हवाच. परंतु आवाज बारीक करण्यासारख्या तातडीच्या कामासाठी पडद्यावरील तीन पायऱ्या उतरावयास लावणे, हा कारागिराचा आळस होय.

म्हणून पेढीवर रक्कम मोजण्यापूर्वी गिऱ्हाइकाने यंत्र चालू असताना डोळे मिटून आवाजाची खुंटी व उगम बदलण्याचे बटण चाचपून पाहावे. बोटांना ती ठिकाणे सापडली नाहीत, तर विक्रेत्याने ध्वनीची कितीही तारीफ केली तरी सौदा तहकूब ठेवावा.