दूरदृश्य बैठक व खाजगीपणाची जपणूक

कोविडने झालेला देशातील पहिला मृत्यू मार्च २०२० मध्ये कलबुर्गी येथे नोंदविण्यात आला. पुढे टाळेबंदीत बिदर-कलबुर्गीसह सर्वत्र शिक्षण व कार्यालयीन कामकाज दूरदृश्य बैठकींवर आले. त्याच एप्रिलमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने ‘झूम’ सुरक्षित नसून शासकीय कामासाठी वापरू नये, असे कळविले.

साधन निवडताना प्रथम पाहावे, ते हे की संभाषण बोलणाऱ्याच्या यंत्रावर सांकेतिक होऊन ऐकणाऱ्याच्याच यंत्रावर उलगडते काय. तसे असल्यास मधल्या कंपनीलाही ते ऐकता येत नाही. ‘झूम’ने ऑक्टोबर २०२० मध्ये ही सोय आणली, परंतु ती स्वतः सुरू करावी लागते. ‘जित्सी मीट’ची आज्ञावली सर्वांस खुली असून संस्थेला ती स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते, त्यामुळे नोंदी संस्थेच्याच ताब्यात राहतात.

साधन कोणतेही असो, परवलीचा शब्द ठेवावा, अनोळखी व्यक्तीस प्रवेश देऊ नये आणि संमतीवाचून मुद्रण करू नये. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. वर्गातील बालकासही तो लागू आहे, याचे भान शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी ठेवणे अगत्याचे आहे.