लाकूड कुजत नाही, कारण त्यात कात असतो

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर जुन्या घराची मेढ उपटली, की ती कुठे कुजली आहे हे लगेच कळते. जमिनीलगतची वीतभर! वरचे लाकूड वाऱ्याने सुकते, खोल पुरलेल्या टोकाला हवा कमी मिळते. मधल्या पट्ट्यात ओल आणि हवा दोन्ही असतात. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांखाली राहिला, तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. इथला पाऊस चार महिने ती सवड देत नाही.

तरीही खैराची मेढ तग धरते. खोडातला सालीलगतचा फिकट भाग जिवंत असतो, त्यात पिष्ट साठलेले असते, आणि बुरशीला, किड्यांना तेच हवे असते. आतल्या पेशी मात्र मरताना कडू, तुरट रसायने मागे ठेवतात. त्यातून तांबूस गाभा तयार होतो. खैराच्या गाभ्यातली ही रसायने उकळून काढली की होतो विड्यातला कात. ज्यांच्या नावातच हा कात आहे, त्या कातकऱ्यांच्या वाड्या याच डोंगरांत आहेत. लाकूड टिकवणारे द्रव्य माणसाने इतक्या नीट ओळखल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन असते, त्याला वाळवी टाळते. खोपोलीहून बोरघाट चढून गेले, की कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या सागवानी फासळ्या सुमारे २००० वर्षांनंतरही जागेवर दिसतात. त्या दगडी छताखाली कोरड्या राहिल्या, हेही खरे. कर्जत तालुक्यातल्या कोंडाणे लेण्यात मात्र लाकडाच्या खुणाच उरल्या आहेत.

गाभा व्हायला वर्षे लागतात. घाईने वाढवून कोवळ्या वयात तोडलेल्या सागात पांढरी कड जास्त असते, आणि ती सागाची असली तरी कुजते. म्हणून नव्या फार्महाउससाठी कोवळा साग तोडण्यापेक्षा, पाडलेल्या घरांचे जुने वासे आणि खांब पुन्हा वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. खांब उभा आहे तोवर तो हवेत जात नाही.

आणि खांब जमिनीत पुरू नये. जुन्या घरांत तो दगडी तळखड्यावर उभा असे, वर लांब वळचण असे. पावसाचे पाणी खांबापासून हातभर दूर पडे.